प्रोपोलिसमध्ये फ्लॅव्होनॉइड कमी निघाले म्हणजे माल हलका का?

मेलिफेरा_पेटी
मेलिफेरा (युरोपी मधमाशी) पेट्यांतल्या प्रोपोलिसची, म्हणजे माशा फटी बुजवायला वापरतात त्या राळेची, तपासणी करून घेतली. ॲल्युमिनियम क्लोराइड पद्धतीने फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींतल्या फिनॉलांचा एक गट) युरोपातल्या मालापेक्षा खूपच कमी आले, फोलिन चाचणीत एकूण फिनॉल मात्र बरे आहेत. पेट्या सिंधुदुर्गात आंब्याच्या बागांत असतात, मोहरीच्या हंगामात राजस्थानात जातात. खरेदीदार म्हणतो भेसळ आहे. पण ब्राझीलच्या हिरव्या प्रोपोलिसमध्येही फ्लॅव्होनॉइड कमीच असतात असं वाचलंय, तरी त्याला भाव आहे. मग माल पारखायचा कशावर?

राळ_तपासनीस
एवढ्यावरून भेसळ ठरत नाही. माशी राळ तयार करत नाही, झाडावरून आणते. त्यामुळे आसपास कुठलं झाड आहे त्यावर रसायनं ठरतात.

युरोपात ते झाड म्हणजे काळा पोप्लर. त्याच्या कळ्यांवरचा चिकट स्राव माशा गोळा करतात, म्हणून तिथल्या मालात पिनोसेम्ब्रिन, गॅलँगिन, क्रायसिन ही फ्लॅव्होनॉइड आणि कॅफिक आम्लाची एस्टर सापडतात. उत्तर रशियात बर्च, तर ग्रीस-माल्टाकडे सायप्रस नावाच्या झाडाच्या राळेतली डायटर्पीन. क्यूबात क्लुसिया या झाडाच्या फुलातली राळ येते आणि सगळा भर बेंझोफिनॉन गटातल्या रसायनांवर जातो.

ब्राझीलच्या मिनास जेराइसमध्ये बॅकॅरिस ड्रॅकन्क्युलिफोलिया नावाचं झुडूप आहे. माशी त्याचे कोवळे शेंडे जबड्याने कुरतडते. पानांचे ते बारीक तुकडे राळेत तसेच राहतात, हिरवा रंग त्यांचाच. त्यातलं मुख्य द्रव्य आर्टेपिलिन सी. हे फ्लॅव्होनॉइड नाही, फिनॉलिक आम्ल आहे. फ्लॅव्होनॉइडच्या चाचणीत ते दिसणार कुठून? भाव मिळतो तो आर्टेपिलिन सीच्या आकड्यावर.

ब्राझीलच्याच अलागोआसचं लाल प्रोपोलिस आणखी निराळं: खारफुटीतल्या डाल्बर्जियाच्या खोडाला किडीने पाडलेल्या भोकांतून लाल राळ पाझरते, त्यात फॉर्मोनोनेटिन, व्हेस्टिटॉल असे आयसोफ्लॅव्होनॉइड. त्याला 2012 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपला शिसव त्याच डाल्बर्जिया प्रजातीतला (जीनस एक, झाड वेगळं), पण तेवढ्यावरून इथे लाल माल मिळेल असं कुणी धरून चालू नये.

गाळणकागद
चाचणीची मर्यादाही लक्षात घ्या. ॲल्युमिनियम क्लोराइड फ्लॅव्होन आणि फ्लॅव्होनॉल या फ्लॅव्होनॉइडच्या दोन प्रकारांशीच नीट पिवळा रंग देतं. पिनोसेम्ब्रिनसारखे फ्लॅव्हॅनोन हा आणखी एक प्रकार, ते त्यात जवळजवळ निसटतात, त्यांच्यासाठी डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिनची वेगळी चाचणी लागते. म्हणजे अस्सल पोप्लरच्या मालातही एकट्या या चाचणीचा आकडा खऱ्या प्रमाणापेक्षा कमीच येतो. फोलिनही आंधळी आहे, साखर आणि क जीवनसत्त्वालाही रंग देते. दोन्ही आकडे एचपीएलसीच्या (एकेक घटक वेगळा करून दाखवणारी तपासणी) आलेखाशेजारी ठेवले तरच कामाचे.

अर्क असा करा: प्रोपोलिस फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून, कडक असतानाच दळा. गरम झालं की मिक्सरच्या पात्याला चिकटून बसतं. 1 ग्रॅम पूड, 30 मिली 70 टक्के इथेनॉल, 24 तास अंधारात, मधूनमधून हलवत. गाळा, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि थंड असतानाच पुन्हा गाळा. हे दुसरं गाळणं टाळलं तर विरघळलेलं मेण नंतर साक्यासारखं बसतं आणि रीडिंग गढूळ येतं. डिनेचर्ड स्पिरिट वापरू नका.

कोकण_परागकण
आंब्याच्या बागा म्हणताय, तर मला तिथेच उत्तर दिसतंय. इंडोनेशिया, थायलंड, म्यानमारमधल्या काही प्रोपोलिसचा उगम आंब्याची राळ आहे, हे सिद्ध झालेलं आहे. त्यात कार्डॉल, ॲनाकार्डिक आम्लं आणि सायक्लोआर्टेन ट्रायटर्पीन ही रसायनं मिळतात. कार्डॉल फिनॉल आहेत म्हणून फोलिनला दिसतात, फ्लॅव्होनॉइड नाहीत म्हणून ॲल्युमिनियम क्लोराइडला दिसत नाहीत. तुमचा अहवाल अगदी तसाच आहे. खात्रीसाठी बागेतल्या आंब्याच्या सालीवरचा सुकलेला चीक घ्या आणि त्याचा अर्क प्रोपोलिसच्या अर्काशेजारी एकाच टीएलसी पट्टीवर (घटक ठिपक्यांत वेगळे करणारी लेप दिलेली पट्टी) चालवा. ठिपके जुळले तर झाड सापडलं.

गाळणकागद यांच्या कृतीत एक भर. ही संयुगं लांब साखळीची, तेलकट. 70 टक्के इथेनॉलमध्ये अर्धवट उतरतात. एक नमुना 95 टक्क्यांत करून बघा. मेण जास्त येईल, ते थंड गाळणीत काढा.

मेलिफेरा_पेटी
राजस्थानचा माल यात मिसळला असेल तर?

राळ_तपासनीस
मग आलेख वाचताच येणार नाही. फ्रेम खरवडून काढलेल्या मालात दोन्ही ठिकाणचे थर असतात, शिवाय मेण, लाकडाचा भुसा आणि पेटीच्या रंगातलं शिसंसुद्धा. वरच्या झाकणाखाली प्लास्टिकची जाळी टाका, फटी साधारण 2 ते 4 मिमी. झाकणाखाली थोडी हवा आणि उजेड येऊ द्या, म्हणजे माशा फटी बुजवतात. पेट्या हलवण्याआधी जाळी काढा, फ्रीझरमध्ये गोठवा, वाकवली की राळ खडखडून पडते. पाकिटावर जागा आणि महिना लिहा, दोन ठिकाणचं एकत्र करू नका. सातेरीच्या (आपली देशी मधमाशी) पेटीत जाळी ठेवून उपयोग नाही, ती माशी प्रोपोलिस गोळाच करत नाही म्हटलं तरी चालेल.

कोकण_परागकण
आणि हातमोजे घाला. आंब्याचा चीक उततो त्यांना हे प्रोपोलिसही उतू शकतं. पोप्लरच्या मालाचीही ॲलर्जी होते, पण तिथे कारण कॅफिक आम्लाची एस्टर. विकताना लेबलवर उगम लिहिलात तर घेणाऱ्यालाही ते कळेल.