द्वारकेची कोंडी टाळून खरोखर इंधन वाचते का?

नाशिकरोडकर:
नाशिकरोडहून गंगापूर रोडला मी रोज पेट्रोलच्या गाडीने जातो. द्वारका चौकात कोंडी असली की गूगल मॅप्स मला अशोका मार्गाकडे आणि तेथून वसाहतींच्या आतल्या रस्त्यांवर वळवते. त्यामुळे सहा मिनिटे वाचतात, मात्र अंतर दीड किलोमीटरने वाढते. वेळ वाचला म्हणजे धूरही कमी झाला, असे समजावे का?

जुना मेकॅनिक:
लहान पेट्रोल गाडीचे इंजिन उभ्या गाडीत चालू राहिले, तर ताशी साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जळते. सहाही मिनिटे गाडी उभीच होती असे धरले, तरी वाचले 50 ते 100 मिलिलिटर. आणि लिटरला 15 किलोमीटर धरल्यास वाढीव दीड किलोमीटरलाच 100 मिलिलिटर लागतात. शिवाय गल्लीतले गतिरोधक, म्हणजे दर वेळी ब्रेक आणि पुन्हा दुसरा गिअर! लिटरमागे सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तेव्हा येथे फायदा नाहीच, झाला तर थोडा तोटाच. सर्वांत जलद आणि सर्वांत कमी इंधनाचा मार्ग एकच असतो असे नाही. कमी इंधनाचा मार्ग सुचवण्याची सोय भारतात 2024 पासून आहे. सेटिंगमध्ये इंजिनाचा प्रकार मात्र बरोबर निवडा.

इंदिरानगरवासी:
हा हिशेब केवळ आपल्या टाकीचा झाला. रुंद महामार्गावर धूर विरतो, पण दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या आमच्या अरुंद गल्लीत तो साचून राहतो, आणि तेथे संध्याकाळी मुले खेळत असतात. अमेरिकेत न्यू जर्सीतील लिओनिया या गावाने अशाच वळवलेल्या गाड्यांना कंटाळून 2018 मध्ये गर्दीच्या वेळी आपले बरेचसे रस्ते बाहेरच्या वाहनांना बंद केले. पुढे न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, ही गोष्ट वेगळी. जर्मन गणितज्ञ ब्रेस यांनी तर 1968 मध्येच दाखवले होते की, प्रत्येकाने स्वतःपुरता जलद मार्ग निवडला, तर जाळ्यात नवा रस्ता जोडूनही कधीकधी सर्वांचाच वेळ वाढतो. आमची गल्ली हा ॲपने जोडलेला तसाच एक रस्ता आहे.

नाशिकरोडकर:
गल्लीचा विचार माझ्या मनात आला नव्हता, हे कबूल करतो. दोन आठवडे मुख्य रस्त्यानेच जाऊन, टाकी काठोकाठ भरून सरासरी काढतो. कामाची वेळ अर्धा तास अलीकडे घेता येईल का, हेही कार्यालयात विचारतो.