तोरुनचा किल्ला गावातल्याच लोकांनी पाडला? का?

भटकी_सई
नमस्कार मंडळी, गेल्या महिन्यात पोलंड करून आले, शेवटचे दोन दिवस तोरुनला होते. विस्तुला नदीच्या काठी सगळं लाल विटांचं जुनं गाव, महायुद्धातसुद्धा बऱ्यापैकी वाचलं म्हणे. पण मधोमध किल्ल्याचे नुसते पडके अवशेष, एकच बुरूज धड उभा. मला वाटलं बॉम्ब पडले असतील तर तिथली गाइड म्हणाली, छे, १४५४ मध्ये आमच्याच लोकांनी पाडला. कोण पाडतं स्वतःचा किल्ला? आणि एवढ्याशा गावात दोन-दोन चौक कशाला?

वीटकाम
अहो तो त्यांचा नव्हताच ना. बांधला ट्युटॉनिक ऑर्डरने, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांनी. माझोव्हियाच्या कोनराड नावाच्या ड्यूकने प्रशियन टोळ्यांशी (तिथल्या मूळच्या बाल्टिक लोकांशी, जर्मनांशी नव्हे) लढायला त्यांना बोलावलं आणि ते आले ते मालक होऊनच बसले. १२३३ ला तोरुनला सनदही त्यांनीच दिली, पण पहिल्या जागी सारखं पुराचं पाणी शिरायचं म्हणून १२३६ ला सगळं गाव उचलून नदीच्या वरच्या अंगाला आणलं, तेच आत्ताचं तोरुन. पुढे गाव हान्सा संघात, म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघात गेलं, फ्लँडर्सचं कापड, हंगेरीचं तांबं, धान्य, लाकूड, जोरात व्यापार. आणि ऑर्डरवाले एकीकडे जकात घेणार आणि दुसरीकडे स्वतःच व्यापारात उतरून यांचं गिऱ्हाईक तोडणार. १४१० ला ते ग्रुनवाल्डच्या लढाईत पोलंड-लिथुआनियाकडून हरले, १४११ च्या तहात पोलंडला मोठी रक्कम द्यायची ठरली, ती कुठून काढणार, शहरांवर कर लादून. शेवटी १४४० ला शहरांनी आणि जमीनदारांनी मिळून प्रशियन संघ काढला आणि १४५३ ला पवित्र रोमन सम्राटाने तोच बेकायदा ठरवला. मग दुसरा मार्गच उरला नाही. फेब्रुवारी १४५४ मध्ये तोरुनकरांनी किल्ला घेतला आणि पाडून टाकला, म्हणजे परत कोणी आत बसून आपल्यावर राज्य करायला नको. माझ्या मते त्या गावातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, कोपर्निकसच्या घराच्याही आधी बघावी अशी.

मुक्काम_पोस्ट
चौकांचं मी सांगतो, ती मुळात दोन वेगळी गावंच होती. जुनं गाव व्यापाऱ्यांचं, त्याला लागून १२६४ ला नवं गाव वसलं ते मुख्यतः कारागिरांचं, दोघांचा चौक वेगळा, कारभार वेगळा, मधे तटबंदी आणि त्या दोघांच्या मधे नदीकडच्या बाजूला हा किल्ला. एक झाली कधी, तर १४५४ लाच! किल्ला पडला आणि दोन गावं जुळली.
आणि वीटकाम, कोपर्निकसला बाजूला नका काढू, त्याच्या आईचे वडील लुकास वाट्झेनरोडे तोरुनचे बडे व्यापारी, ऑर्डरचे कट्टर विरोधक, या लढाईला त्यांनी पैसा पुरवला. लढाई १३ वर्षं चालली, १४६६ चा तहसुद्धा तोरुनलाच झाला आणि गाव पोलंडच्या राजाकडे गेलं. नातू जन्मला १४७३ ला.

भटकी_सई
बापरे, मी त्या घरासमोर फोटो काढून पुढे गेले, यातलं काहीच माहीत नव्हतं 🙏 मग तो एक बुरूज का ठेवला?

वीटकाम
तो गदानिस्को, म्हणजे किल्ल्याचा संडास! मुख्य इमारतीपासून लांब, ओढ्यावर बांधलेला, मधे कमानींवरून झाकलेली वाट, म्हणजे घाण थेट पाण्यात. योद्ध्यांची राहायची जागा गेली आणि ते तेवढं राहिलं. कमानीखाली उभं राहून वर बघायचं, म्हणजे कळतं किती उंचीवरून ती वाट जायची.

मुक्काम_पोस्ट
पिएर्निक खाल्लेत की नाही? मध आणि मसाले घालून केलेली तिथली बिस्किटं, १३८० पासून नोंद आहे. नावच मुळी मिरीवरून पडलंय, आणि त्या काळी युरोपात मिरी जायची ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून.

भटकी_सई
दोन डबे आणलेत, आजच उघडते.