गायक बदलला, तरी बँड तोच? आपापले अनुभव लिहा

मंडळी, निमित्त सगळ्यांना ठाऊक आहे. सप्टेंबर 2024 मध्ये लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडने लॉस एंजेलिसहून थेट कार्यक्रम दाखवून एमिली आर्मस्ट्राँग ही नवी गायिका समोर आणली. आमच्या हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी वाढदिवस आणि फ्लॅटचे भाव यापलीकडे काही नसतं. तिथे दिवसभर जुंपली. एक म्हणाला, चेस्टर (बेनिंग्टन, आधीचा गायक) गेला तेव्हाच बँड संपला, आता निदान नाव तरी बदला. दुसरा म्हणाला, मग बँडमधल्या माइक शिनोडाने काय घरी बसून भजी तळायची? तिसरा ग्रुप सोडून गेला. (आला परत. कुणाच्या तरी लग्नाच्या हॉलचा पत्ता हवा होता.)

भांडण जुनंच आहे. एसी/डीसी, आयर्न मेडन, डीप पर्पल, व्हॅन हेलन, सगळीकडे झालंय. 'कोण भारी' यात मला रस नाही. तुमच्या कानावर आधी कोण पडलं, आणि दुसरा आवाज पहिल्यांदा ऐकलात तेव्हा काय झालं, ते सांगा. मतं जरूर मांडा, पण अनुभवासकट. विकिपीडिया उतरवून काढू नका.

माझ्यापासून सुरुवात. त्यांचा 'हायब्रिड थिअरी' हा अल्बम 2000 साली आला, आमच्या मजल्यावर पोचला तो मार्करने नाव लिहिलेल्या कॉपी सीडीवर. चेस्टरचं किंचाळणं हा आमचा सबमिशनच्या रात्रींचा गजर होता. 'फ्रॉम झीरो' हा नवा अल्बम मी अजून सलग ऐकू शकलेलो नाही. ती वाईट गाते म्हणून नव्हे. किंचाळणं तिला झकास जमतं, आणि तेच झेपत नाही.

कॅसेटवाला

धागा आवडला. आमची गोष्ट उलटी आहे.

मी एसी/डीसी ऐकली ती 'बॅक इन ब्लॅक'पासून. काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये कॅसेट घेतली, घरी येऊन लावली तर आधी नुसती घंटा. वडील आतून ओरडले, कुठल्या देवळात बसलायस? मग ब्रायन जॉन्सनचा तो घसा खरवडणारा आवाज. माझ्यासाठी एसी/डीसी म्हणजे तोच. काळं कव्हर हे आधीच्या गायकाचं, बॉन स्कॉटचं सुतक आहे, हे कळायला बराच काळ गेला. बॉन फेब्रुवारी 1980 मध्ये लंडनला वारला आणि हा अल्बम त्याच वर्षी जुलैत बाजारात आला. पाच महिने! आपल्याकडे एवढ्यात वर्षश्राद्धही होत नाही.

पुढे मित्राने बॉनच्या काळातली कॅसेट दिली. मला वाटलं हा कोण नवा? गाणं म्हणतोय की गल्लीच्या तोंडावर उभं राहून कुणाची तरी खेचतोय? चांगला होता, पण 'आमचा' नव्हता. बॉनला पहिला मानणाऱ्यांना एक सांगतो, त्याच्या आधी डेव्ह इव्हान्स होता. 1974 मध्ये त्याच्या जागी बॉन आला. तेव्हाही कुणीतरी ऑस्ट्रेलियात नाक मुरडलं असेलच.

निशाचर

मी 'नाव बदला' पार्टीतला. शिव्या घालण्याआधी ऐकून घ्या.

जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस मे 1980 मध्ये गेला. उरलेल्यांनी ते नाव बाजूला ठेवलं आणि न्यू ऑर्डर म्हणून पुढे गेले. रेज अगेन्स्ट द मशीनमधून गायक झॅक बाहेर पडला, बाकीच्या तिघांनी क्रिस कॉर्नेलला घेतलं आणि बँडला ऑडिओस्लेव्ह म्हटलं. वाजवणारे हात तेच, तरी पाटी नवी. म्हणजे हे करता येतं. नव्या माणसालाही मोकळं होता येतं, उगाच कुणाचे बूट घालून नाचावं लागत नाही.

आता अनुभव. चेस्टर 20 जुलै 2017 ला गेला. तो क्रिस कॉर्नेलचा वाढदिवस होता, आणि कॉर्नेल दोनच महिन्यांपूर्वी तसाच गेला होता. ऑक्टोबरमध्ये हॉलीवूड बोलमध्ये श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, तो मी यूट्यूबवर पाहिला. 'नम' या गाण्याला बँड नुसता वाजवत होता. मधे रिकामा माइक, त्याला फुलं बांधलेली, आणि गात होते समोरचे हजारो लोक. माझ्याबरोबर ही गाणी ऐकणारा माझा रूममेटही तोवर या जगात नव्हता. कसा गेला ते लिहीत नाही. माझ्या लेखी त्या माइकपाशी बँडचं शेवटचं गाणं झालं.

जानेवारी 2026 ला ते मुंबईत, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर येणार म्हटल्यावर ऑफिसातल्या मित्राने तिकीट अक्षरशः हातात कोंबलं. गेलो नाही. तिकीट त्याच्या भाच्याला दिलं. भाचा खूश होता, त्यात मला काही अडचण नाही.

वऱ्हाडी_ड्रमर

भाऊ, सगळे गायकासाठीच रडून राह्यले. लिंकिन पार्कचा ड्रमर रॉब बोर्डन पण परत नाही आला, त्याच्या जागी कॉलिन ब्रिटन बसला. घेतलं काय कोणी रॉबचं नाव? ब्रॅड डेल्सन दौऱ्यावर येत नाही, त्याच्या जागी स्टेजवर दुसराच गिटार वाजवते. त्याचं तर कोणाले पत्ताच नाही. मागं बसणाऱ्याचं असंच असते बाप्पा.

मिसळ_मेटल

वऱ्हाडी भाऊ, दंडवत.

माझा विषय आयर्न मेडन. 1 फेब्रुवारी 2008 ला बीकेसीच्या मैदानावर होतो. गायक ब्रूस डिकिन्सन बँडचं बोइंग 757 स्वतः उडवत आला होता आणि जगदौऱ्याची सुरुवात मुंबईपासून झाली. त्याविषयी लिहायला लागलो तर पहाट होईल, म्हणून मुद्द्याचं लिहितो. मला बोलायचंय ब्लेझ बेलीबद्दल, ज्याच्यावर कुणी धागा काढत नाही.

ब्रूस 1993 मध्ये गेला, ब्लेझ आला, दोन अल्बम झाले, 1999 मध्ये ब्रूस परतला. मेडनवाल्यांच्या बैठकीत या मधल्या वर्षांचा विषय निघाला की लोक चहा मागवतात. मीही त्यातलाच. मग कॉलेजनंतर आमच्या बँडमध्ये गाणारा मी झालो, आणि डोळे उघडले.

माझा आवाज खालचा. घरी बाबांची पेटी होती, तिच्यावर शोधलं तर मी काळी एकला सुखात. ब्रूसची गाणी त्याच्याही वर, पार डोंगरावर. मी गिटारवाल्यांना म्हटलं, अर्धा सूर उतरवा. दोघांनी एकदम माना हलवल्या. तारा सैल केल्या की रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा वाजणारी ओळ) लोंबकळतो म्हणे. बासवाला बोललाच नाही, तो कधीच बोलत नाही. मग मी तसाच गायलो. दुसऱ्या गाण्यात मानेच्या शिरा तटतटल्या, तिसऱ्यात वरच्या सुराला आवाजाऐवजी नुसती हवा आली. पुढच्या रांगेतला एक पोरगा खांद्यावर हात ठेवून 'दादा, पाणी घे' म्हणाला.

ब्लेझचं नेमकं हेच झालं. तोही खालच्या पट्टीचा गडी, आणि मेडनने त्याच्यासाठी पट्टी उतरवली नाही. रोज रात्री ब्रूसची गाणी ब्रूसच्या सुरात. लोक म्हणाले, याला गाता येत नाही. अरे, त्याच्यासाठी रचलेलं 'साइन ऑफ द क्रॉस' ऐका ना. अकरा मिनिटं, चर्चमधल्या पुटपुटण्यासारखी सुरुवात, त्या अंधारात तो आवाज कसा चपखल बसतो! गंमत अशी की ब्रूस परत आला तरी ते गाणं आणि 'द क्लॅन्समन' ही दोन्ही त्याने स्टेजवर गायली, आणि तीच पब्लिक उड्या मारत होती. गाणं पास, गाणारा नापास. हा न्याय मला आजही पटत नाही.

तंबोरा

माझं रॉकशी नातं मुलाच्या खोलीच्या बंद दारापुरतं. त्यानेच ही लिंक पाठवली, म्हणून लिहिते.

'कट्यार काळजात घुसली'मधला वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब मी प्रत्यक्ष ऐकलाय. पुढे बऱ्याच वर्षांनी नातवाने, राहुल देशपांड्यांनी, तीच भूमिका उभी केली तेव्हा गेले. पहिल्या पदाला डोळे मिटून बसले होते. मनात आजोबांची तान चालू आणि कानात नातवाची, दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या. दुसऱ्या पदाला डोळे उघडले. शेजारी बसलेल्या बाई मात्र शेवटपर्यंत 'वसंतराव ते वसंतराव' असं दर जागेला म्हणत होत्या. जोरात.

तेव्हा, मुलांनो, भांडा. आम्हीही भांडायचो.

पांचगणीपल्याड

वाईची आहे. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, आमच्या घाटावरच्या पांचगणीला सेंट पीटर्समध्ये शिकला. हेक्टिक्स हा त्याचा शाळेतला बँड. त्यामुळे क्वीनच्या बाबतीत आम्ही जरा नातेवाइकांसारखे वागतो, फुकटचा हक्क दाखवतो.

फ्रेडी गेल्यावर क्वीनने केलं ते मला आवडलं. आधी पॉल रॉजर्स, मग ॲडम लॅम्बर्ट, आणि दोन्ही वेळा नावात सरळ अधिकचं चिन्ह. क्वीन अधिक अमुक. बेसिस्ट जॉन डीकन त्यात नाहीच, तो केव्हाच निवृत्त झाला. निशाचर, तुमची पाटी बदलत नाही आणि पाहुण्याला कुणी घरमालकही समजत नाही. ॲडमचा आवाज कधीकधी अति गुळगुळीत वाटतो, हे माझं मत. ते मी घरात मोठ्याने बोलत नाही, बहीण त्याची भक्त आहे.

जर्सीतली_मावशी

नवऱ्याला कामावरून सुटी मिळेना, म्हणून त्याच्या तिकिटावर लेकीला घेऊन गेले. 16 सप्टेंबर 2024, ब्रुकलिनचं बार्कलेज सेंटर. मी चेस्टरवाली. पुण्यात क्लास बुडवून सायबर कॅफेत त्यांचे व्हिडिओ बघत बसायचे, एक व्हिडिओ उघडेपर्यंत अर्धा तास संपायचा. लेक तेरा वर्षांची. तिने लिंकिन पार्कचं पहिलं गाणं ऐकलं ते त्याच महिन्यात, 'द एम्प्टिनेस मशीन'. एमिलीचं.

आमच्या पुढच्या रांगेत एक धिप्पाड माणूस होता, दंडावर चेस्टरचा चेहरा गोंदलेला. हाताची घडी घालून उभा. मी स्टेजपेक्षा त्याच्याकडेच बघत होते, हा आता काय करतो म्हणून. तीन-चार गाणी तो हललाच नाही. 'इन दी एंड' सुरू झालं आणि अख्खं स्टेडियम गायला लागलं, तेव्हा त्याचे ओठ हलले. घडी सोडली नाही. गाणं संपल्यावर बियर आणायला गेला, परत येऊन पुन्हा तसाच उभा. शेवटपर्यंत थांबला मात्र.

मी रडले का? रडले. कुणासाठी, ते तिथल्या आवाजात नीट कळलं नाही.

घरी येताना गाडीत मी मुद्दाम चेस्टरचं जुनं 'क्रॉलिंग' लावलं. लेक ऐकत होती. मग म्हणाली, "आई, हा पण छान गातो गं, पण हिच्यासारखं नाही." कॅसेटवाला काका, तुमचीच आठवण आली आत्ता वाचताना. तिला काही समजवायला गेले नाही. ट्रॅफिक होता.

मांडवीकाठ

नमस्कार. सगळ्यांनी ऐकणाऱ्याच्या बाजूने लिहिलंय. मी ती 'नवी' आहे.

आम्ही पणजीजवळ एका रेस्टॉरंटमध्ये शनिवार-रविवार गातो. बँडचा जुना गायक क्रूझवर कामाला लागला, गोव्यात हे नेहमीचंच. त्याच्या जागी मी. पहिल्या रात्री माइक स्टँड त्याच्या उंचीला होता, आणि स्क्रू असा गंजलेला की खाली येईना. पहिलं गाणं मान वर करून गायले. कोपऱ्यातल्या टेबलावरचे काका दर आठवड्याचे गिऱ्हाईक, त्यांनी मध्येच मोठ्याने विचारलं, "तो खंय गेलो?"

त्याची गाण्यांची वही माझ्याकडे आली. कुठे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने टिंब, कुठे लोकांना गायला लावायचं तिथे फुली. मला वाटलं आयतं मिळालं. पण त्याच्या टिंबावर श्वास घेतला की माझी ओळ तुटायची. त्याच्या फुलीवर थांबले की लोक गायचेच नाहीत, कारण मी गाण्याची पट्टी वर नेली होती आणि त्या सुरात बीअर प्यालेल्या पुरुषांना गाताच येत नव्हतं. मग मी माझी टिंबं निळ्या पेनने घातली. फुल्या ठरवायला जास्त वेळ लागला, लोकांचा अंदाज घ्यावा लागतो.

काका अजून येतात. अजून विचारतात. आता मी सांगते, बोटीवर आहे, पाडव्याला येईल, तोपर्यंत माझं ऐका. ते म्हणतात, गा.

एमिलीला पैसे किती मिळतात ठाऊक नाही, पण पहिल्या रात्री तिला कसं वाटलं असेल याचा थोडा अंदाज आहे.

मिसळ_मेटल

मांडवीकाठ ताई, रेस्टॉरंट कुठलं ते कळवा. पुढच्या महिन्यात गोव्यात आहोत, कोपऱ्यातलं टेबल धरू. आणि मी तुमच्याच पट्टीत गायचा प्रयत्न करीन.

वऱ्हाडी_ड्रमर

मी पण येतो. तुमचा ड्रमर कोण हाय?

मांडवीकाठ

या की! ड्रमर नाही बाब, लॅपटॉप आहे.