'अ नंबर ऑफ' ला हॅव की हॅज? डोकं फिरलंय

बँकेच्या परीक्षेची तयारी चालूय, काल 'चुका शोधा' मध्ये वाक्य आलं 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज फेल्ड', मी बरोबर म्हणून सोडून दिलं कारण 'अ' लागलाय म्हणजे एकवचन ना, तर उत्तरात म्हणे हॅव पाहिजे. आणि पुढच्याच पानावर 'द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज इन्क्रीज्ड' हे बरोबर! टीमचं पण सांगा, इज की आर?

प्रतिसाद १: 'अ नंबर ऑफ' म्हणजे नुसतं 'बरेच', खरा कर्ता स्टुडंट्स. 'द नंबर ऑफ' मध्ये वाढतो तो आकडा. मराठीत करून बघ, 'बरीच मुलं नापास झाली' पण 'मुलांची संख्या वाढली', गणित सुटलं.

प्रतिसाद २: टीमचं जरा वेगळंय. ब्रिटिश कॉमेंट्री ऐक, सर्रास 'इंग्लंड आर 120 फॉर 3' म्हणतात, अमेरिकन मात्र शक्यतो 'द टीम इज'च म्हणणार. परीक्षेत मी एवढंच बघते, सगळे मिळून एकच काम करतायत तर इज, आपसात फाटलंय तर आर, 'द ज्युरी आर डिव्हायडेड' टाइप. पोलीसला मात्र डोळे झाकून आर, दोन्हीकडे.

प्रतिसाद ३: 'ईच ऑफ द बॉईज इज' विसरू नको रे, बॉईज दिसलं की हात आरकडे जातोच, माझे तिथेच दोनदा मार्क गेलेत 😅

प्रश्नकर्ता: बरीच मुलं वालं बसलं डोक्यात! 'नन ऑफ देम' ला काय?

प्रतिसाद १: दोन्ही चालतं, पण जुन्या वळणाचे सर इजच मागतात.