ईको व्हॅनचा सायलेन्सर चोरीपासून कसा वाचवायचा? पत्रा, वायर रोप की वेल्डिंग?

नाशिककर_व्हॅन

दोन ईको आहेत, दोन्ही बीएस६. एक नुसत्या पेट्रोलवरची, दुसरी कंपनीतूनच सीएनजी आलेली. दोन्ही शाळेच्या फेऱ्यांना चालतात आणि रात्री मोकळ्या प्लॉटशेजारी रस्त्यावर उभ्या असतात. बंदिस्त पार्किंग मिळण्यासारखं नाही. भागात सायलेन्सर चोरीचे प्रकार वाढलेत आणि हात लागतोय तो ईकोलाच.

एक गॅरेजवाला म्हणतो खालून जाड पत्रा मारा, दुसरा म्हणतो सायलेन्सर सरळ चॅसीला वेल्ड करून टाका, तिसरा म्हणतो वायर रोप बांधा. यातलं खरंच काय टिकतं? गाडीत लहान मुलं असतात, त्यामुळे आगीचा किंवा धुराचा धोका मुळीच नको. सीएनजीच्या गाडीखाली वेल्डिंग चालतं का? आणि चोरी झालीच तर इन्शुरन्सचं काय?

पाना_१४

चॅसीला वेल्ड अजिबात करू नका, ते आधी सांगतो. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली रबर माउंटिंगवर असतं आणि रेस दिली की हलतं. एक्झॉस्टची लाइनही रबर हँगरवर लोंबकळत ठेवलेली असते, ती या हलण्यासाठीच. शिवाय तापल्यावर पाइप वाढतो. एक मीटर पाइप ४०० अंशांनी तापला तर लांबी ४-५ एमएमने वाढते. ही वाढ वेल्ड मारून अडवली की ताण जातो मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या भागाच्या) फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या बोल्टवाल्या कडेवर, आणि जोडाच्या गॅस्केटवर. काही आठवड्यांत तडा जातो, आणि तिथून गळणारा धूर थेट फ्लोअरखाली येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मुलांच्या गाडीत हे चालणारच नाही.

ईकोच का, तर गाडी जमिनीपासून उंच, फ्लोअर सपाट, कॅट-कॉन (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) खालून उघडा आणि नट-बोल्टने जोडलेला. जॅक न लावता माणूस खाली सरकतो. बऱ्याच हॅचबॅकमध्ये कॅट-कॉन इंजिनला चिकटून वर बसवलेला असतो, तिथे हात पोहोचत नाही. चोराला हवी असते ती आतली ‘माती’. सिरॅमिकच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा थर असतो, सगळं मिळून काही ग्रॅमच. ऱ्होडियम २०२१ मध्ये औंसाला २५ हजार डॉलरच्या वर गेलं होतं. नंतर भाव बरेच उतरले, पण पाच-दहा मिनिटांच्या कामाला अजूनही परवडतात.

ईकोवर ग्राइंडर क्वचितच लागतो, काम पान्यावर होतं. म्हणून पहिला बंदोबस्त बोल्टचा.

पेट्रोलच्या गाडीला असं करा. कॅट-कॉनच्या पुढच्या-मागच्या फ्लँजचे जुने गंजके बोल्ट काढून त्याच मापाचे नवीन ८.८ ग्रेडचे घाला. गॅस्केट नवीन टाका. नीट आवळल्यावर नट आणि बोल्टच्या आट्याचं टोक यांना एकमेकांशी दोन बारीक टॅक (वेल्डिंगचे ठिपके) मारा. नट फ्लँजला वेल्ड करायचा नाही. नट-बोल्ट एकजीव झाले की कितीही फिरवा, दोन्ही बरोबर फिरतात आणि सुटत नाहीत. सर्व्हिसिंगला नटावर ग्राइंडर मारायचा, नवीन बोल्ट टाकायचा, फ्लँज शाबूत राहतो.

जिथे बोल्टवर स्प्रिंग असेल तो जोड सोडून द्या. तो मुद्दाम हलता ठेवलेला असतो, स्प्रिंग दाबून टॅक मारला तर पुढचा पाइप तुटेल.

टॅक मारताना बॅटरीची निगेटिव्ह काढा, ऑक्सिजन सेन्सरचे कनेक्टर सोडवा आणि वेल्डिंगची अर्थ त्याच पाइपवर टॅकच्या जवळ लावा. अर्थ चाकाला किंवा बंपरला लावली तर करंट बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून रस्ता शोधतो.

सीएनजीच्या गाडीखाली टॅकसुद्धा नको. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी करता येते, पण त्या सोपस्कारात एक पायरी चुकली तर परिणाम फार मोठा आहे. तिथे शिअर नट वापरा, म्हणजे ठरावीक ताणाला ज्याचं षटकोनी डोकं तुटून गुळगुळीत शंकू उरतो तो. नाही मिळाले तर बोल्ट असा कापा की नटाबाहेर दोनच आटे राहतील, आणि ते आटे पंचने तीन जागी ठेचा. पाना लावला तरी नट उतरत नाही.

लॉकटाइट (आट्यांना लावायचा गोंद) लावून बोल्ट जाम करण्याचा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. साधं लॉकटाइट १५० अंशांच्या आसपास सैल पडतं आणि कॅट-कॉनचं काम सुरूच होतं अडीचशे-तीनशेला.

रोप_आणि_रिगिंग

वरच्या सल्ल्याला पूर्ण सहमती. बोल्ट सुटला नाही की पुढचा चोर करवत किंवा बॅटरीचा ग्राइंडर आणतो, आणि वायर रोपचा उपयोग तिथे होतो. पण ती बांधायची पद्धत बहुतेक ठिकाणी चुकलेली दिसते.

८ किंवा १० एमएमचा गॅल्व्हनाइज्ड नाहीतर स्टेनलेस रोप घ्या. प्लास्टिकचं आवरण असलेला घेऊ नका, ते वितळून पाइपवर चिकटतं आणि जळतं. साध्या रोपमध्ये ग्रीस भरलेलं असतं. डिझेलने पुसून पूर्ण वाळवूनच बसवा, नाहीतर पहिल्याच फेरीत धूर निघेल आणि मुलं घाबरतील.

रोप कॅट-कॉनच्या पुढच्या पाइपला एक वेढा आणि मागच्या पाइपला एक वेढा देऊन चॅसीच्या आडव्या मेंबरवरून न्यायचा. कॅनच्या, म्हणजे कॅट-कॉनच्या डब्याच्या, अंगावरून नको, तिथे सर्वांत जास्त उष्णता असते. पाइप कुठेही कापला तरी तुकडा लटकत राहिला पाहिजे, हा हिशोब डोक्यात ठेवून रस्ता आखा. आणि १५ ते २० एमएम ढील हवीच. ताणून बांधलेला रोप म्हणजे चॅसीला केलेलं वेल्डच, वर सांगितलेले सगळे तोटे त्याला लागू होतात. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, सीएनजीचा पाइप आणि हँडब्रेकची केबल यांना रोप कुठेही टेकता कामा नये. घासून भोक पडायला वेळ लागत नाही.

टोकाला यू-क्लॅम्प तीन, मधलं अंतर रोपच्या जाडीच्या सहापट, म्हणजे ८ च्या रोपला साधारण ५ सेंटिमीटर. खाचेची बैठक भार घेणाऱ्या लांब टोकावर आणि यू बोल्ट आखूड टोकावर. उलटं लावलं तर यू बोल्ट भाराच्या रोपलाच चेपतो. क्लॅम्पचे नटही पान्याने सुटतात, त्यामुळे त्यांचेही आटे ठेचा.

रोप कापलाच जात नाही असं नाही. कटरच्या तोंडात तारा विस्कटतात, एकेक तार तोडत बसावं लागतं, आणि शेजारची गाडी उघडी असेल तर चोर तिकडे वळतो. एवढ्यासाठीच तो बांधायचा.

नाशिककर_व्हॅन

खूप नेमकं सांगितलंत, आभारी आहे. म्हणजे पत्र्याचा विचार सोडून द्यायचा का? आणि अलार्म? केबिनमध्ये शॉक सेन्सरवाला बसवलेला आहेच.

पाना_१४

पत्रा चालतो, पण माझ्या यादीत तो शेवटी येतो. बसवायचाच तर ३ एमएम ॲल्युमिनियम किंवा २ एमएम स्टेनलेस. ६०० बाय ४०० चा ३ एमएम ॲल्युमिनियमचा पत्रा दोन किलोच्या आत राहतो, तेवढाच लोखंडी साडेपाच किलोच्या पुढे जातो. कॅनपासून किमान २५-३० एमएम लांब, पुढून-मागून उघडा, मध्ये हवेच्या फटी. चारी बाजूंनी डबा केला तर उष्णता वर फ्लोअरला जाते, मॅट आणि सीटखालचं वायरिंग भाजतं. चॅसीत आधीची भोकं असतील तीच वापरा. भरलेली गाडी स्पीडब्रेकरवर किती खाली बसते ते मुलं बसवूनच तपासा.

पत्र्याच्या पोकळीत कचरा साठतो, हा त्याचा खरा दोष. उसाच्या पट्ट्यात गाडी शेतरस्त्याने जात असेल तर वाळलेलं पाचट नेमकं पत्रा आणि गरम कॅन यांच्यामध्ये अडकतं. तिथे पत्रा बसवूच नये. शहरात बसवलात तरी दर आठवड्याला खाली बॅटरी मारून बघा.

बारा_व्होल्ट

केबिनमधला शॉक सेन्सर या चोरीला पुरत नाही. जॅक लागत नाही म्हणजे गाडी कलत नाही आणि पाना फिरवताना बॉडी जेमतेम थरथरते. सेन्सर डॅशबोर्डखालून काढून फ्लोअरला, आतल्या बाजूने कॅट-कॉनच्या जवळ घट्ट स्क्रूने बसवा. डबल टेपवर नको, उन्हात टेप सुटतो. सेन्सिटिव्हिटी अशी ठेवा की खालून पाइपवर पाना टेकवून दोनदा ठोकल्यावर वाजेल, पण बाजूने ट्रक गेला तर वाजणार नाही. खोटा वाजणारा अलार्म चौथ्या रात्री गल्लीतलं कुणीच मनावर घेत नाही.

त्याहून खात्रीचा उपाय तुटणाऱ्या वायरचा. फायबरग्लास स्लीव्हमधली बारीक वायर रोपच्या बरोबरीने फिरवून परत आत आणायची. वायर तुटली की सायरन. फक्त हे काम साध्या रिलेने करू नका. रिले सतत ओढलेला राहिला तर ०.१५ ॲम्पिअर खातो, म्हणजे दिवसाला साडेतीन ॲम्पिअर-अवर. दिवाळीच्या सुट्टीत गाडी उभी राहिली की ३५ ची बॅटरी उतरलीच. अलार्म युनिटला ‘नॉर्मली क्लोज्ड’ (जोड तुटला की वाजवणारं) इनपुट असेल तर तिथे जोडा, त्याचा खर्च नगण्य असतो.

सेन्सरच्या वायरींबद्दल एक गोष्ट. चोर ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी कापून टाकतो. नंतर त्या सोल्डर करून जोडू नयेत. बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते, सोल्डर आणि फ्लक्सने ती वाट बुजते. क्रिम्प करा (धातूच्या नळीत दाबून जोडा) किंवा सेन्सर बदला.

दावा_सर्व्हे

पोलिस आणि विम्याबद्दल. तक्रारीत ‘जुना सायलेन्सर’ असं लिहू देऊ नका. ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह सायलेन्सर असेंब्ली’ असं लिहा, सोबत अधिकृत वर्कशॉपचं कोटेशन जोडा. याला कायदेशीर कारण आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये ५,००० रुपयांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा आहे, आणि असा गुन्हा अदखलपात्र धरला जातो. भंगाराचा भाव लिहिला गेला तर एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) भागवलं जाण्याची भीती असते. ऑनलाइन तक्रार दिलीत तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करा, नाहीतर ती नोंदली जात नाही.

नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर काही मिळत नाही. पॅकेज पॉलिसी (आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) असेल तर आधी कंपनीला कळवा, सर्व्हेयर बघून जाईपर्यंत नवीन भाग बसवू नका. व्यावसायिक वाहनांच्या पॉलिसीत ‘गाडीसोबत चोरी न गेलेल्या ॲक्सेसरीज’ वगळल्याचं कलम असू शकतं. सायलेन्सर ही ॲक्सेसरी नाही, तो गाडीचा मूळ भाग आहे, हे दाव्याच्या पत्रातच लिहून द्या. धातूच्या भागांवर घसारा वयाप्रमाणे कापतात: दुसऱ्या वर्षात १० टक्के, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५, त्यानंतर दहाव्यापर्यंत ४०. झिरो डेप (घसारा न कापण्याची जोड) असेल तर तो वाचतो. नो क्लेम बोनस मात्र जातो, म्हणून दोन्ही आकडे मांडून मगच दावा करा.

आणि आजच करण्यासारखं काम: चॅसी नंबरचे शेवटचे आठ आकडे कॅनच्या पत्र्यावर आणि सायलेन्सरच्या डब्यावर एनग्रेव्हरने कोरा, वरून ६०० अंश सोसणाऱ्या रंगाने गाडीचा नंबर मोठ्या अक्षरात. फोटो काढून ठेवा. आतली माती काढल्यावर खुणेचा उपयोग उरत नाही, पण अख्खा भाग भंगारवाल्याकडे सापडला तर तो तुमचा आहे हे सिद्ध करायला याहून चांगला पुरावा नाही.

नाशिककर_व्हॅन

एक शंका उरली. रात्रीची चोरी समजली, पण माती काढून रिकामा सायलेन्सर परत बसवतात असंही ऐकतो. गाडी ड्रायव्हरकडे किंवा गॅरेजला दिल्यावर ते कसं ओळखायचं?

पाना_१४

गाडी थंड असताना कॅनवर रबराच्या हातोडीने हलकं ठोका. भरलेला कॅन बद्द वाजतो, रिकामा घुमतो, आतून खडखड आली तर जाळी फुटलेली आहे. मग कॅनच्या शिवणीवर हात फिरवा. कंपनीचं वेल्ड एकसारखं असतं, हाताने मारलेलं गाठीगाठीचं लागतं आणि त्याच्या शेजारी निळसर डाग असतो.

पक्कं बघायचं तर ब्लूटूथवाला ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावा. इंजिन गरम करून २,५०० आरपीएमवर मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज बघा. जाळी चांगली असेल तर तो ०.६-०.७ च्या आसपास स्थिर राहतो. आत काहीच नसेल तर ०.१ ते ०.९ मध्ये सतत नाचतो. पुढे चेक इंजिन लाइट लागून पी०४२० कोड येतो. लाइट लागला नाही म्हणून निश्चिंत राहू नका, मागच्या सेन्सरखाली पोकळ स्पेसर घालून त्याला फसवतात. सेन्सर आणि पाइप यांच्यामध्ये जास्तीचा तुकडा दिसतो का ते बघा. पीयूसीवरही कळतं: बीएस४ च्या पुढच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, रिकामा कॅन असेल तर ती सहज ओलांडली जाते.

गाडी देताना आणि घेताना खालून दोन फोटो, एक शिवणीचा, एक कोरलेल्या नंबरचा. देणाऱ्यासमोरच काढा.

रोप_आणि_रिगिंग

रोप बसवलात तर आठवडाभर गाडी चालवून क्लॅम्प एकदा पुन्हा आवळा, नवीन रोप भाराखाली थोडा दबतो. आटे त्यानंतरच ठेचा, आधी नाही.