त्यांच्याकडे हुशारी नाही, सराव आहे

कॉलेजच्या प्रोग्रामिंगच्या वर्गात 'ज्यांना कोडिंग (संगणकासाठी प्रोग्राम लिहिणं) मुळातच जमतं तीच मुलं टिकतात' हे मत मला पटत नाही. पहिल्या आठवड्यात पटापट उत्तरं देणाऱ्यांनी बहुतेकदा शाळेतच प्रोग्रामिंग केलेलं असतं. नवख्या मुलांना तो सराव दिसत नाही, हुशारी दिसते, आणि मग ती गप्प बसतात.

अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने २००६ च्या सुमारास केलेला बदल मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. पहिल्या सत्रात जावाऐवजी पायथन ही नवख्यांना सोपी जाणारी प्रोग्रामिंग भाषा आणली. आधी प्रोग्रामिंग केलेल्यांची आणि कधीच न केलेल्यांची तुकडी वेगळी केली. वर्गात सतत बोलून इतरांना दडपून टाकणाऱ्या मुलांशी प्राध्यापक बाजूला घेऊन, आपुलकीने बोलत. काही वर्षांतच तिथे संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलं. मुली त्याच होत्या, वर्ग बदलला होता!

मी लॅबमध्ये शिकवते तेव्हा पडद्यावर कोड लिहिताना झालेली चूक लपवत नाही. एरर, म्हणजे चूक दाखवणारा संगणकाचा संदेश, मोठ्याने वाचते, कुठली ओळ बघायची ते मुलांनाच विचारते. एरर शिक्षकांनाही येतात हे दिसलं की हात वर व्हायला लागतात.

एका संगणकावर दोघांच्या जोडीने कोडिंगही जरूर करून घ्या, पण ठरावीक वेळाने कीबोर्ड दुसऱ्याकडे गेलाच पाहिजे. नाहीतर एकजण टाइप करतो आणि दुसरा सत्रभर नुसता बघत बसतो.