साबण, ब्रश आणि एकच पाते : नाजूक त्वचेच्या दाढीचे अनुभव

कृष्णाकाठ
गेल्या महिन्यात अण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने गालावरचे पांढरे खुंट चोळून माझ्याकडे पाहिले, तेव्हा त्यांची दाढी यापुढे मला करायची आहे हे माझ्या ध्यानात आले. त्यांचे सामान सगळे जिथल्या तिथे होते : डबीतला गोल साबण, झिजलेला ब्रश, पितळी वाटी, एका पात्याचा जुना रेझर आणि तुरटीचा खडा. लहानपणी ते खिडकीच्या गजाला आरसा टांगून, स्टोव्हवरचे कडत पाणी घेऊन बसत आणि त्या वीस मिनिटांत आम्हां मुलांना त्यांच्याशी बोलायची मुभा नसे.

मी मात्र कॉलेजात असताना तीन पात्यांचा रेझर आणि डब्यातला तयार फेस घेतला आणि पुढची वीस वर्षे माझा गळा रोज लाल होत राहिला. माझी कातडीच तशी आहे, असे मी धरून चाललो होतो. अण्णांच्या गळ्यावर पहिला हात मी सवयीने खालून वर मारायला घेतला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले, रेझर बाजूला करायला लावला आणि माझे बोट घेऊन आपल्या गळ्यावरून फिरवले. कंठाच्या डावीकडे त्यांचे केस वर किंवा खाली न जाता कानाच्या दिशेने आडवे वळतात, जणू तिथे एक लहानसा भोवराच आहे. त्या रात्री मी माझा गळा तसाच चाचपून पाहिला, तर तोच भोवरा त्याच जागी होता. वीस वर्षे मी त्या भोवऱ्यावर दोनदा उलटा हात मारत आलो होतो.

आता मीही साबण आणि एका पात्यावर आलो आहे. ज्यांची त्वचा नाजूक आहे आणि तरीही ज्यांना रोज दाढी करावी लागते, त्यांनी आपले अनुभव लिहावेत.

रात्रपाळी
अण्णांना लवकर आराम पडो. मी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यात पाळीवर आहे. वायूपासून बचावाच्या मुखवट्याची रबरी कड चेहऱ्याला घट्ट बसावी लागते आणि मध्ये खुंट असले की फटीतून वायू आत शिरतो, त्यामुळे दाढी हा आमच्याकडे आवडीचा विषय नाही. माझे केस कुरळे असल्यामुळे गळ्यावर सतत केसतोड उठत असे आणि त्याच जागेवर मुखवट्याचा पट्टा घासत असे. त्वचारोगतज्ज्ञांनी कारण समजावून दिले. जास्त पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केस किंचित ओढते, मागचे पाते तो ओढलेल्या स्थितीत कापते आणि मग केसाचे टोक त्वचेच्या पातळीखाली जाऊन बसते. सरळ केस पुन्हा बाहेर येतो, पण कुरळा केस वाढताना आतल्या आतच वळतो किंवा बाहेर येऊन परत त्वचेत घुसतो. दोन पात्यांचे रेझर १९७१ साली बाजारात आले आणि त्यानंतर पाती वाढतच गेली. डॉक्टरांनी एकच पाते, एकच सुलटा, म्हणजे केस वळतात त्याच दिशेने, हात आणि अजिबात दाब नाही एवढे सांगितले. गाल पूर्वीइतका गुळगुळीत होत नाही, पण मुखवट्याला तेवढे पुरते. केसतोड जायला तीन महिने लागले.

पिंपळपार
पाते किती दिवस वापरता, तेवढे कृपया लिहा.

कृष्णाकाठ
अण्णांसाठी चार दाढ्या, माझ्यासाठी तीन. पाते ओढते आहे असे जाणवले की हिशोब न करता बदलतो, कारण बोथट पात्यावर आपोआप दाब दिला जातो आणि कातडी सोलवटते.

धोपटी
आमच्या घराण्याचा हाच व्यवसाय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आजोबा बलुत्याच्या काळात धोपटी, म्हणजे हजामतीच्या हत्यारांची पिशवी, घेऊन घरोघर जात आणि त्यांच्याकडे ब्रश नसे. ते वाटीतल्या पाण्यात बोटे बुडवून समोरच्या माणसाची दाढी नुसत्या पाण्याने चोळत राहत, इतका वेळ की माणूस पेंगायला लागे. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर आणि शेवटी स्वतःच्या तळहातावर फिरवून मगच गालाला लावत. त्यांच्या हातून कोणाला पुरळ उठल्याचे मी ऐकले नाही, याचे श्रेय मी धारेइतकेच त्या चोळण्याला देतो. कोरडा केस ताठ असतो. दोन-तीन मिनिटे पाणी मुरले की तो फुगतो, मऊ होतो आणि पात्याला अडत नाही. आज दुकानात गर्दी असते आणि लोकांना घाई असते, त्यामुळे नेमके हेच काम सुटते.

दुसरी गोष्ट डाव्या हाताची आहे. कातडी ताणून धरायची ती अगदी हलकी, फक्त सुरकुती निघेल इतपत, कारण फार ताणली तर केस मुळापासून वर येतो आणि वर रात्रपाळी यांनी सांगितलेला प्रकार एका पात्यानेही होतो. दुकानात पाते मोडून अर्धे लावतात, ते आपल्या डोळ्यांसमोर नवे लावून घ्यावे. तुरटीचा खडा मात्र ज्याचा त्याचाच असावा. एकाच्या रक्ताला लागलेला खडा दुसऱ्याच्या गालाला लावू नये, हे मी माझ्या मुलांनाही बजावले आहे.

सातूचे पीठ
आजोबांचे वर्णन वाचून माझ्या आजोळच्या ओसरीवरचा रविवार आठवला. मामा तसेच पेंगत असत.

उकळी
साबण बनवण्याच्या कामात माझा जन्म गेला. अंगाचा साबण कॉस्टिक सोड्याने करतात, तर दाढीच्या साबणात कॉस्टिक पोटॅशही घालतात आणि स्टिअरिक आम्लाचे प्रमाण बरेच जास्त ठेवतात. पोटॅशमुळे साबण पाण्यात चटकन विरघळतो आणि स्टिअरिक आम्लामुळे फेसाचे बुडबुडे बारीक होऊन टिकून राहतात. अंगाच्या साबणाचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असल्यामुळे गालावर बसतो न बसतो तोच फुटतो आणि पाते कोरड्या कातडीवर चालते. माझ्या वडिलांनी परिस्थितीमुळे आयुष्यभर अंगाच्याच साबणाने दाढी केली आणि त्यांचे गाल कायम खरखरीत व तांबूस असत. त्याचे कारण मला नोकरीला लागल्यावर कळले आणि मी पहिल्या पगारातून त्यांना दाढीचा साबण नेऊन दिला.

नाजूक त्वचेच्या लोकांनी एक ध्यानात ठेवावे की साबण हा अल्कधर्मीच असतो. त्याचा सामू (पीएच) ९ ते १० च्या आसपास, तर त्वचेचा साधारण ५. म्हणून फेस गालावर वाळू देऊ नये, एका वेळी एकच बाजू करावी आणि शेवटी थंड पाण्याने चेहरा नीट धुवावा.

टेम्सकाठी
लंडनमध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझा गाल चरचरू लागला. साबण, ब्रश, रेझर सगळे दादरच्या घरून आणलेले होते, बदलले होते ते फक्त पाणी. इथले पाणी चुनखडीच्या थरांतून येते आणि किटलीत पांढरा थर जमतो. त्या पाण्यातले कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका करते, तो ब्रशलाही धरतो आणि गालालाही. आता मी पाणी उकळून निवळू देतो आणि वरचे पाणी दाढीसाठी घेतो. फेस मुंबईइतका होत नाही, पण आग थांबली आहे.

माळरान
आमच्याकडे सोलापुरात बोअरच्या पाण्याची हीच कथा आहे. नळाला पाणी येते त्या दिवशी मी दाढीसाठी एक कळशी वेगळी भरून ठेवतो.

अबोली
माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, केस कुरळे आहेत आणि हनुवटीवर मुरुमे आहेत. त्याच्या वडिलांना जाऊन सहा वर्षे झाली, त्यामुळे दाढी कशी करायची हे त्याला दाखवणारे घरात कोणी नाही आणि मला विचारायला तो लाजतो. त्याने कशापासून सुरुवात करावी?

धोपटी
ताई, त्याला सध्या रोज दाढी करायला लावू नका, आठवड्यातून दोनदा पुरे. मुरुमे चिघळली असतील तेवढे दिवस पाते बंदच ठेवून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे. आंघोळ झाल्याबरोबर, केस ओले असताना दाढी करायची आणि मुरुमावरून पाते न्यायचे नाही, त्याच्या कडेने न्यायचे. जवळपास एखादे जुने, शांत दुकान असेल तर दुपारच्या निवांत वेळी त्याला पाठवा आणि शिकवायला सांगा. आमच्या व्यवसायातली माणसे मनापासून शिकवतात.

अबोली
मनापासून आभार. हे सगळे मी त्याला वाचायला देणार आहे.

गवती चहा
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. जुन्या पद्धतीचा साबण आणल्यावर माझा त्रास वाढला आणि मी दोन महिने पात्याला दोष देत राहिलो. शेवटी तोच साबण कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिला, तेव्हा तिथेही चट्टा उठला. बाधत होता तो सुगंध. आता बिनवासाचे क्रीम ब्रशने लावतो, बाकी सगळे आपल्यासारखेच. जुने ते सर्वांनाच मानवेल असे नाही, म्हणून नवा साबण आधी हाताला लावून पाहावा. स्पिरिट असलेले लोशनही मी सोडले आहे, दाढीनंतर खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरतात.

वाटाड्या
वापरलेली पाती कचऱ्यात तशीच टाकू नका, ही कळकळीची विनंती आहे. आमच्या गल्लीत कचरा वेचणाऱ्या मावशींचा अंगठा पात्याने उभा चिरला होता. मी झाकणाला चीर पाडलेल्या एका पत्र्याच्या डब्यात पाती साठवतो.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. उकळी यांचे वाचून आता अण्णांची एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसऱ्या बाजूला फेस लावतो. कालपासून अण्णा ब्रश डाव्या हातात स्वतःच धरू लागले आहेत. आज त्यांनी वाटीत फेस घोटला, तो सावकाश डाव्या गालाला आणि हनुवटीला लावला, उजव्या गालापर्यंत हात पोहोचेना तेव्हा ब्रश माझ्यापुढे केला आणि मान वळवून तो गाल माझ्याकडे केला.